धार आणि हात : वस्तऱ्याच्या विद्येची प्रस्तावना

वस्तऱ्याने दाढी करण्यात दोन वेगळी कौशल्ये एकत्र नांदतात. पहिले कौशल्य धारेचे आहे : पोलादाच्या पात्याला केस सहज कापेल पण कातडी ओरबाडणार नाही इतकी सूक्ष्म धार आणणे, ती टिकवणे आणि ती कधी उतरली हे वेळेवर ओळखणे. दुसरे कौशल्य हाताचे : पाते किती कलते धरावे, कातडी कोणत्या बाजूला ताणावी, गालावरचे केस खाली वाढतात तर मानेवरचे कोठे वळतात, आणि दाब मुळीच न देता पाते कसे चालवावे, याची बोटांना झालेली जाण. गेल्या सव्वाशे वर्षांत दाढीची साधने झपाट्याने बदलली. प्रत्येक नव्या साधनाने या दोन कौशल्यांपैकी कोणते वापरणाऱ्याकडून काढून घेतले आणि कोणते त्याच्याकडे ठेवले, हे पाहिले की हा सगळा बदल उलगडू लागतो. प्रस्तुत पुस्तकाची मांडणी याच प्रश्नाभोवती केलेली आहे.

नवख्या वाचकासाठी तीन साधनांची ओळख आधी करून देणे आवश्यक आहे. पारंपरिक वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारे, एका बाजूला जाड पाठ आणि दुसऱ्या बाजूला धार असलेले पोलादी पाते. हे पाते कायमचे असते आणि त्याची धार वापरणाऱ्यालाच राखावी लागते. ब्लेडचा वस्तरा दिसायला तसाच, पण त्याचे पाते म्हणजे केवळ एक पकड असते; तिच्यात बाजारात मिळणाऱ्या दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवतात आणि काम झाले की फेकून देतात. सेफ्टी रेझरमध्ये ब्लेडच्या पुढे एक कठडा असतो आणि पात्याचा कोन साधनाच्या घडणीनेच ठरलेला असतो. पहिल्या साधनाला धार आणि हात दोन्ही लागतात, दुसऱ्याला फक्त हात, तिसऱ्याला दोन्हींपैकी फारच थोडे.

धारेचे शास्त्र भारतात फार जुने आहे आणि त्याचा लेखी पुरावा शस्त्रक्रियेच्या ग्रंथात सापडतो. सुश्रुतसंहितेत शस्त्राची धार केस छेदू शकेल इतकी तीक्ष्ण असावी अशी कसोटी सांगितली आहे. शस्त्र पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि आलेली धार नीट बसवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असा भेदही केला आहे. हा भेद मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे, कारण आजही वस्तऱ्याची निगा याच दोन पायऱ्यांत होते : दगड धार निर्माण करतो आणि चामड्याचा पट्टा ती सरळ करतो. ज्याला ही दोन कामे वेगळी आहेत हे कळत नाही तो पट्ट्याकडून दगडाचे काम करून घेऊ पाहतो आणि पट्टा व वस्तरा दोन्ही बिघडवतो.

ग्रंथात मात्र हे ज्ञान पुढे वाढले नाही. ते हातातून हातात गेले. महाराष्ट्राच्या गावगाड्यात ते नाभिक समाजाच्या घरात राहिले. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेरसारख्या अवर्षणप्रवण, बाजरी-ज्वारीच्या तालुक्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता : त्याने वर्षभर घरोघरच्या पुरुषांची दाढी-डोई करायची आणि सुगीत खळ्यावर त्या त्या कुणब्याकडून धान्याच्या रूपाने आपले बलुते घ्यायचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे ही व्यवस्था आजच्या वाचकाला तपशिलाने पाहता येते. न्हाव्याचे सारे दुकान त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारे ठेवण्याच्या चामडी पिशवीत, मावत असे : वस्तरे, कातर, फणी, चिमटा, नखे काढण्याची नऱ्हाणी, निसणा म्हणजे धारेचा दगड, पट्टा, आरसा आणि पाण्याची वाटी. साबण नव्हता तेव्हा वाटीतल्या पाण्याने बोटांनी दाढी बराच वेळ चोळून केस मऊ करत, आणि हे चोळणे हीच दाढीची निम्मी तयारी असे. केसातील केराटिन पाणी शोषते आणि ओला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ सहज कापला जातो, हे त्यामागचे कारण आहे. दुष्काळी मुलखात वाटीभर पाण्यात संपूर्ण दाढी होत असे, ही गोष्ट नळ सोडून आरशासमोर उभे राहणाऱ्या आजच्या पिढीने विसरता कामा नये.

या कारागिराचे काम केसांपुरते कधीच नव्हते. जावळ, मुंज आणि दहाव्या दिवसाचे क्षौर या तिन्ही प्रसंगी त्याच्यावाचून विधी पुरा होत नसे. गळू फोडणे, तुंबड्या लावणे, अंग रगडणे हीही कामे त्याच्याकडे असत. वारकरी परंपरेने संत सेना महाराजांच्या रूपाने याच व्यवसायातील माणसाला संतपद दिले. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी पाळली जाते, आणि त्यांच्या नावावरील अभंगात आरसा व चिमटा ही धोकटीतील हत्यारे विवेक आणि वैराग्य यांची रूपे होऊन येतात.  तरीही दगडावर वस्तरा कसा धरावा, पट्ट्यावर तो कोणत्या बाजूने ओढावा, हे कोणी लिहून ठेवले नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती ते दाढी करवून घेणारे होते आणि ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांना लेखणीपासून दूर ठेवलेले होते.

वस्तऱ्याचा इतिहास सांगताना त्याची दुसरी बाजू झाकता येत नाही. ज्या गावगाड्यात न्हाव्याला कमी लेखले जाई, त्याच गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्यांना त्याची सेवा नाकारली जाई. ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५’ लागू झाल्यावर अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला, पण गावोगाव ती प्रथा मोडायला कायद्यानंतरही पुष्कळ संघर्ष करावा लागला. विधवांचे केशवपन हा तर या हत्याराचा सर्वांत क्रूर उपयोग होता. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीने त्या क्रौर्याला घराघरांत वाचा फोडली. आणि कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली त्याच सुमारास, १८९० साली, मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा निर्धार तिथे झाला. सुधारणेच्या इतिहासात व्याख्याने देणाऱ्यांची नावे ठळक असतात. ज्यांनी आपल्या उत्पन्नावर पाणी सोडून हातातले हत्यार खाली ठेवले त्यांचे हे कृत्य त्या व्याख्यानांच्या तोडीचे, किंबहुना त्यांहून मोठे मानले पाहिजे. वस्तरा धरायला शिकवणाऱ्या पुस्तकात हा प्रसंग यावा असा आग्रह त्यासाठीच आहे.

युरोपात या विद्येने वेगळी वाट घेतली. तेथे धंदेवाईक न्हाव्यापासून स्वतंत्र होण्याची इच्छा अठराव्या शतकातच ग्रंथरूपाने प्रकट झाली : पॅरिसमधील हत्यारे घडवणारे कारागीर झाँ-जाक पेरे यांनी १७६९ च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि पात्याला लाकडी संरक्षक जोडलेला वस्तराही सुचवला. याच शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन यांच्या मुशीतल्या पोलादामुळे एकसारख्या प्रतीची पाती घडवणे शक्य झाले, आणि पुढे जर्मनीतील झोलिंगन हे पातळ, पोकळ घासलेल्या वस्तऱ्यांचे माहेरघर बनले. पोकळ घासलेले पाते म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट कोरलेल्या असतात असे पाते. ते हलके असते, धारेपाशी किंचित लवते आणि केस कापताना बारीक आवाज करते. गावच्या लोहाराने घडवलेले पाचरीसारखे जाड पाते आणि हे पोकळ पाते यांचा स्वभाव इतका भिन्न आहे की एकावर शिकलेल्या हाताला दुसऱ्यावर पुन्हा थोडे शिकावे लागते. जपानचा कामिसोरी हा तिसरा घराणेदार प्रकार : तो मिटत नाही, त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि कोणती बाजू कातडीकडे ठेवायची याचे स्वतंत्र नियम आहेत.

धार आणि हात यांची फारकत झाली ती अमेरिकेत. कँफ बंधूंनी १८८० साली संरक्षक कठड्याचा रेझर बाजारात आणला, पण त्याचे पाते अजून पाजळावेच लागे. किंग कँप जिलेट यांची कल्पना त्यापुढची होती : पातेच इतके स्वस्त करावे की ते पाजळण्याऐवजी टाकून द्यावे. कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीला टिकाऊ धार देता येत नाही असे जाणकार सांगत असताना विल्यम निकरसन यांनी ती देणारी यंत्रे उभी केली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, केवळ ५१ रेझर खपले आणि पुढच्या वर्षी ९० हजारांहून अधिक. १९०४ मध्येच एकस्व अधिकार मिळाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर पुरवले गेले आणि युद्धावरून परतलेल्या पिढीने न्हाव्याची रोजची खुर्ची सोडली. स्वतंत्र भारतात ब्लेडचे देशी कारखाने उभे राहिले. ‘सुपरमॅक्स’ ब्लेड बनवणारी ठाण्याची विद्युत मेटॅलिक्स ही त्यांतली महाराष्ट्राला सर्वांत परिचित. विल्किन्सन कंपनीने १९६२ मध्ये गंज न धरणारे स्टेनलेस ब्लेड आणल्यावर एक ब्लेड अनेक दिवस पुरू लागले, आणि १९७१ पासून दोन, मग तीन आणि पाच पात्यांच्या प्लॅस्टिक कार्ट्रिजचे युग आले, ज्यात हाताला करण्यासारखे जवळजवळ काहीच उरले नाही.

भारतातील सलूनमध्ये मात्र घडले ते वेगळे, आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. येथील कारागिराने सेफ्टी रेझर स्वीकारला नाही, कारण त्याच्या हाताला कठड्याची गरज नव्हती. पण धारेचा दगड त्याने खाली ठेवला. एचआयव्हीविषयीची जागृती १९९० च्या दशकात गावोगाव पोहोचली तेव्हा एकच वस्तरा सर्वांच्या गालावर फिरवणे धोक्याचे आहे हे गिऱ्हाइकांनाही कळले. वास्तविक या बाबतीत हिपॅटायटिस-बीचा विषाणू अधिक चिवट आहे, कारण तो शरीराबाहेर निदान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. नवे ब्लेड वेष्टनातच मधोमध मोडून, अर्धा तुकडा पकडीत सरकवून गिऱ्हाइकासमोर लावणे ही पद्धत यातून सार्वत्रिक झाली. पारनेर, सुपे, निघोज किंवा टाकळी ढोकेश्वर येथील कोणत्याही सलूनमध्ये आज हेच दृश्य दिसते. एका पिढीत धारेची सगळी विद्या व्यवसायातून निघून गेली आणि हाताची विद्या मात्र अबाधित राहिली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल निःसंशय योग्य होता. परंतु दगडावर वस्तरा लावू शकणारे हात आता वृद्ध होत आहेत आणि त्यांच्याजवळचे ज्ञान टिपून घेण्याची मुदत थोडी उरली आहे.

शिकणाऱ्यांमध्ये सर्वत्र असा समज आढळतो की ब्लेडचा वस्तरा ही सोपी पहिली पायरी आणि पारंपरिक वस्तरा ही पुढची. या पुस्तकाची भूमिका याच्या उलट आहे. अर्धे ब्लेड सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे, अतिशय तीक्ष्ण आणि ताठ असते; पकड हलकी असल्यामुळे साधनाचे वजन हाताला काही सांगत नाही, आणि कोन थोडा उभा झाला किंवा पाते जरासे आडवे सरकले की कातडी कापली गेल्यावरच चूक कळते. जड पाठीचा, चांगला पट्ट्यावर ओढलेला वस्तरा चूक होण्याआधीच सूचना देतो : तो अडखळतो, आवाज बदलतो, केस ओढतो. म्हणून हाताच्या शिक्षणासाठी पारंपरिक वस्तरा अधिक दयाळू गुरू आहे. अडचण एवढीच की त्याची धार खरोखर दाढीला योग्य असली पाहिजे, आणि बाजारातून आणलेला नवा वस्तरा बहुधा तसा नसतो. ज्याला जाणकाराकडून धार लावून घेता येत नाही त्याने ब्लेडच्या वस्तऱ्यापासून आरंभ करावा, पण तो सोपा आहे या समजुतीने नव्हे.

धारेच्या बाबतीत वस्तऱ्याच्या घडणीत एक सुंदर योजना आहे. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीच्या जाडीने आपोआप ठरतो आणि घासणाऱ्याला तो अंदाजाने धरावा लागत नाही. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा ढकलायचा. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे ठेवून ओढायचा, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तो पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीही नाही. धार उतरते म्हणजे नेमके काय होते, याविषयीची समजूत अलीकडे बदलली आहे. केसाहून कितीतरी कठीण असलेले पोलाद केसाने झिजावे हे कोडेच होते. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की धार केवळ घासून गोल होत नाही, तर केस वाकून पात्यावर तिरका ताण देतो तेव्हा पोलादाची अंतर्गत रचना जिथे एकसारखी नसते तिथे सूक्ष्म टवके उडतात. केस पुरेसा भिजवा आणि पाते फार उभे धरू नका, हा जुना दंडक कातडीइतकाच धारेच्याही हिताचा दिसतो तो यामुळे.

हाताच्या बाबतीत सलूनमधील ‘सुलट’ आणि ‘उलट’ हे दोन शब्द पुरेसे मार्गदर्शक आहेत. केस वाढतात त्या दिशेने फिरवलेला हात सुलट, त्याविरुद्ध फिरवलेला उलट. पात्याची पाठ कातडीपासून साधारण तीस अंशांवर उचललेली असावी, दुसऱ्या हाताने कातडी पात्याच्या मागच्या बाजूला ताणलेली असावी आणि फटकारे आखूड असावेत. गाल सपाट असल्यामुळे आरंभ तेथून होतो. जबड्याची कड, हनुवटी आणि वरचा ओठ यांना हात बसायला वेळ लागतो. पहिल्या काही आठवड्यांत केवळ गाल वस्तऱ्याने करून उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने पुरी करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. आणि ज्यांचे केस कुरळे, कातडीत परत शिरून पुटकुळ्या आणणारे आहेत त्यांनी उलट हात मुळीच न फिरवणे चांगले. सलूनमधील शिकाऊ मुले फेस लावलेल्या फुग्यावर हात बसवतात, त्यातून दाब किती कमी हवा हे बोटांना लवकर समजते. शेवटी ओल्या गालावर फिरवलेला तुरटीचा खडा कातडी आवळतो आणि बारीक रक्तस्राव थांबवतो; निर्जंतुकीकरण मात्र तुरटीने होत नाही, आणि हा गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे.

या विषयाची आजची निकड अनेक बाजूंनी आलेली आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने सलूनची दारे बंद झाली. महाराष्ट्रात २८ जूनपासून ती उघडली तेव्हाही परवानगी केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती होती, दाढीला नव्हती. त्या महिन्यांत असंख्य पुरुषांनी प्रथमच आपला चेहरा स्वतः हाताळला आणि कारागिरांच्या घरांनी उपासमार सोसली. कौशल्याची किंमत आणि कारागिराचे असुरक्षित जीवन ही दोन्ही एकदमच उघडी पडली. केंद्र सरकारच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांमध्ये नाभिकांचा समावेश आहे, आणि तीत प्रशिक्षण, दैनिक विद्यावेतन व अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे; परंतु प्रशिक्षणाला उपयोगी पडेल असे मराठी लेखन जवळजवळ नाही. शिवाय प्लॅस्टिक आणि पोलाद एकत्र सांधलेले कार्ट्रिज वेगळे करून पुन्हा वापरता येत नाही, तर साधे ब्लेड नुसते पोलाद असते आणि पारंपरिक वस्तरा दोन-तीन पिढ्या चालतो. पारनेरहून पुण्या-मुंबईला पोट भरायला जाणाऱ्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामावर हजर होणाऱ्या तरुणाला दर महिन्याच्या कार्ट्रिजचा खर्चही जाणवण्याइतका असतो.

प्रस्तुत पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : स्वतःची दाढी वस्तऱ्याने करू इच्छिणारा कोणीही, आणि व्यवसायात नव्याने पाऊल टाकणारा, ज्याच्या घरात हे काम पूर्वी होते किंवा नव्हते. विद्या जन्माने मिळते ही कल्पना या पुस्तकाला मान्य नाही. परंतु ती ज्यांनी शतकानुशतके सांभाळली त्यांचा उल्लेख न करता ती छंद म्हणून उचलणेही त्याला मान्य नाही. म्हणून येथे हत्यारांची नावे धोकटीतलीच ठेवली आहेत आणि परदेशी साधनांची माहिती त्यांच्या जोडीला दिली आहे. इलेक्ट्रिक शेव्हर, केशरचना आणि दाढी वाढवून कोरण्याचे प्रकार जाणूनबुजून वगळले आहेत. रक्त न गोठण्याचा विकार असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि चेहऱ्यावर चिघळलेल्या पुटकुळ्या असलेले वाचक यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वस्तरा हाती घेऊ नये, हे पहिल्याच पानावर नमूद केले आहे.

पुस्तकातील आकृत्या कोन आणि दिशा दाखवू शकतात, दाब दाखवू शकत नाहीत. यासाठी प्रत्येक वाचकाने आरंभीचे काही धडे आपल्या गावातील एखाद्या अनुभवी कारागिराकडून, दुकानात गर्दी नसेल अशा दुपारी, त्याचा वेळ मागून घ्यावेत, त्याच्या मनगटाकडे आणि कातडी ताणणाऱ्या दुसऱ्या हाताकडे पाहावे, आणि त्याला दाढीचे दर न देता शिक्षकाचे शुल्क द्यावे, अशी या पुस्तकाची अपेक्षा आहे. एखाद्या घरात आजोबांचा निसणा आणि पट्टा अजून असेल, तर तो वापरून दाखवण्याची विनंती त्याच भेटीत करता येईल.